चार वाजता येणारा अनोळखी

माझी माय बोलायची थांबली त्याला आता वर्ष होत आलं. थांबली म्हणजे रुसली असं कुणाला वाटेल, पण रुसून बसणं तिला जन्मात जमलं नाही. रुसायचं म्हणजे गप्प बसायचं, आणि गप्प बसायचा तिला मनस्वी कंटाळा. नांदेडच्या घरी सकाळी चहा गाळता गाळता तिच्या उजव्या हातातून गाळणी पडली. बाबा काय झालं म्हणून विचारायला आले, तर तिच्या तोंडून शब्द निघेना. अर्धांगवायूचा झटका होता. दवाखान्यातून ती काठी टेकत घरी आली. हळूहळू हात आला, पाय आला. शब्द मात्र आले नाहीत. एकच उरला होता, ‘ते’. चहा पाहिजे तर ते, पंखा कमी करायचा तर ते, आणि माझा राग आला की ते, ते, ते.

आणि हे व्हावं कुणाला? लातूरकडच्या मुरुडच्या बाजारपेठेत वाढलेली बाई ही. भांड्यांवर जुने कपडे घेणाऱ्या बोहारणीसुद्धा हिच्यापुढं हात टेकायच्या. गल्लीतलं भांडण असो की कुणाच्या लग्नाची बोलणी, शेवटचा शब्द मायचाच असायचा. अशा बाईच्या वाट्याला एक ‘ते’ यावं, याचं मला दुःख झालंच, पण त्याहून जास्त संताप आला. कुणावर, ते मला सांगता येणार नाही. मी मुळात संतापीच आहे. मायच्या तोंडाचा पट्टा माझ्याकडं आलाय असं बाबा म्हणतात, आणि ते खरं आहे.

मी लातूरला असते, एका कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब सांभाळते. तिथं बोलणं गेलेल्या माणसांना परत बोलायला शिकवणाऱ्या एक बाई आहेत असं कळलं, म्हणून मी मायला महिनाभर लातूरला आणलं. बाईंनी पहिल्याच दिवशी मला बाहेर बोलावून दोन गोष्टी सांगितल्या. आईंचे शब्द गेलेले नाहीत, शब्दांपर्यंत जायची वाट तुटली आहे. आणि हे सुरुवातीचे महिने फार मोलाचे आहेत, एक दिवस खाडा नको. अशा माणसांचा धीर एकदा सुटला की ती गप्प राहायलाच शिकतात. ‘त्यांनी नाद सोडला, तर मग मलाही काही करता येणार नाही,’ असं त्या म्हणाल्या. मी ते वाक्य कॉलेजात नेलं, घरी आणलं, भाजी चिरताना आठवलं. माय परत बोलणार की नाही, ते या महिन्यांवर होतं.

पण महिन्याभरात माय लातूरला कंटाळली. रोज सकाळी पिशवी उचलून दाराशी जाऊन उभी राहायची आणि ‘ते’ म्हणायची. घर पाहिजे, बाबा पाहिजेत. शेवटी मी तिला एक टॅबलेट घेऊन दिला. रोज दुपारी चार वाजता बाई लातूरहून त्याच्यावर दिसणार आणि माय नांदेडला आतल्या खोलीत पलंगावर बसून शिकणार, असं ठरलं. बाई चित्रं दाखवायच्या. गाय, कंगवा, तांब्या. माय घामाघूम व्हायची. तीन आठवड्यांनी तांब्याचं चित्र पाहून तिच्या तोंडून ‘तां’ निघाला. त्या अर्ध्या शब्दावर बाबांनी अख्ख्या गल्लीत पेढे वाटले.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. मग मी शहाणपणा केला.

बाबांच्या ओळखीतल्या एका गृहस्थांच्या कॉम्प्युटरात कुणीतरी बाहेरचं घुसलं आणि त्यांच्या घरचे फोटो, कागद सगळं उचलून नेलं. बाबांनी ते मला फोनवर सांगितलं आणि मला घोर लागला. आमच्या घरीही कॉम्प्युटर आहे; बाबा त्याच्यावर पेन्शनचे अर्ज भरतात, पेपर वाचतात, रिटायर झालेल्या सोबत्यांना लांबलचक पत्रं लिहितात. मी एका रविवारी नांदेडला गेले आणि घरच्या सगळ्या नेटवर्कवर पहारा देणारं एक सॉफ्टवेअर टाकून आले.

त्याचं काम असं. घरच्या वायफायला जे जे जोडलं जातं, मोबाइल, टीव्ही, टॅबलेट, त्या प्रत्येकाला एक लांबलचक पत्ता असतो, अक्षरं आणि आकडे मिळून. गाडीला नंबरप्लेट असते तसं. सॉफ्टवेअर ते पत्ते लक्षात ठेवतं. पूर्वी न पाहिलेला पत्ता आला, की कॉम्प्युटरच्या कोपऱ्यात लाल चौकट उगवते, टिंग असा आवाज होतो आणि इंग्रजीत मजकूर येतो. खाली दोन बटणं असतात. एक विश्वास ठेवा, दुसरं अडवा.

मी बाबांना हे समजावलं. ओळखीचं असलं तर विश्वास ठेवा, नसलं तर अडवा. नुसता शक आला तरी अडवाच. बाबांनी लक्ष देऊन ऐकलं, उठले, कपाटातून एक कोरी जाड वही काढली आणि पहिल्या पानावर घरच्या सगळ्या वस्तूंचे पत्ते सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले. स्वतःचा मोबाइल, मायचा मोबाइल, कॉम्प्युटर, टीव्ही, टॅबलेट. प्रत्येक पत्ता दोनदा पडताळून पाहिला. मला हसू आलं, पण मी हसले नाही, कारण हा माणूस असाच आहे.

बाबा रेल्वेत स्टेशन मास्तर होते. मोठ्या स्टेशनावर नाही. इस्लापूरच्या बाजूला जी लहान लहान स्टेशनं आहेत, जिथं दिवसाला मोजक्याच गाड्या थांबतात, तिथं त्यांची हयात गेली. लाइन एकच, गाड्या दोन्हीकडून. त्यामुळं पुढच्या स्टेशनाच्या मास्तरनं फोनवर ‘लाइन मोकळी आहे, सोडा गाडी’ म्हटलं, तरी नुसत्या शब्दावर गाडी सोडायची नाही असा कायदा होता. त्यानं सोबत एक नंबर द्यायचा. प्रत्येक मास्तरकडं दोन आकडी नंबरांचा एक छापील कागद असायचा. एक नंबर एकदाच वापरायचा आणि खोडून टाकायचा. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणत. पलीकडून ‘सत्तावीस, दोन सात’ आलं, की बाबा इकडून तेच मोठ्यानं परत म्हणायचे, वहीत लिहायचे, आणि मगच गाडी हलायची. बोलणारा जिवलग दोस्त असला, त्याचा आवाज झोपेतही ओळखू येत असला, तरी नंबर पाहिजेच.

आमचं क्वार्टर स्टेशनाला लागून होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिवसभर बाबांचा आवाज यायचा. चौतीस, तीन चार. एकोणसाठ, पाच नऊ. माय भाकरी थापता थापता ऐकायची, आणि तिनं हा कायदा घरात आणला. मी शाळेतून आले की दार बंद. कडी वाजवली की आतून मायचा आवाज यायचा, ‘नंबर?’ मग आपण एक नंबर सांगायचा, आणि त्याचे दोन आकडे सुटे करून सांगायचे. मायजवळ कागद नव्हता, पण कोणता नंबर कधी वापरून झाला ते तिच्या डोक्यात पक्कं असायचं. जुना नंबर सांगितला तर कडी निघायची नाही. ‘झाला तो. दुसरा,’ एवढंच म्हणायची. पोटात भुकेनं आग पडलेली आणि मी दारात उभी राहून आकडे शोधतेय, असं कितीतरी वेळा झालं. एकदा मी रडकुंडीला येऊन दाराला लाथ मारली होती. माय आत पोट धरून हसत होती.

तर असे बाबा आणि त्यांच्या समोर माझं ते सॉफ्टवेअर.

चार-पाच दिवस मला त्यांचा रोज फोन आला. पोरी, आज चार वाजून तीन मिनिटांनी एक अनोळखी आलं. पोरी, आज चार वाजून सात मिनिटांनी. माझ्या लॅबमध्ये तेव्हा प्रॅक्टिकल परीक्षा चालू, एकेका मशीनवर दोन दोन पोरं, त्यात लाइट गेलेली. मी एकदा चिडून म्हणाले, अहो बाबा, अनोळखी आहे ना, मग अडवा की. दरवेळी मला फोन कामून करता? बाबा हाव म्हणाले, बरं म्हणाले, आणि त्यांनी त्यानंतर फोन केला नाही. तसल्या सूचना माझ्या मोबाइलवरही येत होत्या. त्या मी पहिल्याच दिवशी बंद करून टाकल्या होत्या.

आणि मग एका सकाळी शिकवणाऱ्या बाईंचा फोन आला. आई कंटाळल्या का, असं त्यांनी विचारलं. रोज मिनिट-दोन मिनिटं दिसतात, मग चित्र अडकतं आणि बंद पडतं. परत काही लागत नाही. दोन आठवडे झाले, शिकवणं म्हणून झालेलं नाही. आणि कालपासून तर त्या टॅबलेट लावतही नाहीत. बाई रागावल्या नव्हत्या. पण त्यांनी तेच वाक्य हळूच परत म्हटलं, नाद सुटू देऊ नका.

मी लगेच बाबांना फोन लावला. त्यांचा आवाज पडलेला. तिचं मन लागून नाही राहिलं, असं म्हणाले. टॅबलेट घेऊन बसते, जरा वेळानं आणून माझ्या मांडीवर ठेवते, ते ते करते, मी म्हणतो जा, शीक, तर तोंड फिरवून झोपते. मी म्हटलं, द्या तिला फोन. आणि मायच्या कानाला फोन लागल्यावर मी सुरू झाले. आम्ही इकडं धावपळ करून राहिलो, बाबा दिवसरात्र तुझ्यामागं, आणि तू अशी हातपाय गाळून बसलीस. तुला परत बोलायचंच नाही का? पलीकडून काही आवाज आला नाही. मी आणखी भडकले. म्हणाले, ‘गप्प काय बसलीस, बोल ना.’

फोन ठेवल्यावर मला कळलं की हे मी कुणाला म्हणाले. मी लॅबच्या मागच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं आणि बराच वेळ तिथंच बसून राहिले. मला स्वतःची शरम वाटली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि सकाळची एसटी धरली. अहमदपूर आलं, लोहा आलं, मी खिडकीतून बघत होते पण दिसत काही नव्हतं. मायची माफी कशी मागायची तेच डोक्यात घोळत होतं. माफी मागायची आम्हा दोघींनाही सवय नाही.

घरी पोचले तर माय भिंतीकडं तोंड करून पडलेली. मी चहा केला, तिच्यापुढं ठेवला. तिनं कपाला हातसुद्धा लावला नाही. टॅबलेट कपाटावर, पालथा. बाबांनी मला खुणेनं बैठकीत बोलावलं, दार ओढून घेतलं, वही उघडली आणि खालच्या आवाजात बोलायला लागले. ड्यूटीवर बोलायचे तसेच.

‘मी तुला सांगून राहिलो नव्हतो, तू रागावशील म्हणून. पण कुणीतरी हिच्या टायमालाच येऊन राहिलाय. रोज चारला. रोज नवा नंबर घेऊन. लई हुशार हाय. पण मी साडेतीनपासून इथंच बसतो. त्याला दोन मिनिटं न्हाई टिकू दिलं.’

मी वही पाहिली. पानभर लाल शाईच्या नोंदी. वेळ, मिनिटासकट. मजकुराचं बाबांनी केलेलं सरकारी मराठी, ‘अपरिचित उपकरणाचा प्रवेश’. त्यापुढं तो लांबलचक पत्ता, प्रत्येक अक्षर नीट सुटं. शेवटच्या रकान्यात ‘अडवले’. आणि बाबा सांगत होते की घरच्या कुठल्याच वस्तूशी हा पत्ता जुळत नाही, टॅबलेटचा तर पहिल्या पानावर लिहिलेला आहे, तो निराळा आहे. ते म्हणाले, ती आत एकेका शब्दासाठी जीव काढते. तिची ती हालत कुणी परक्यानं बघावी, तिचे फोटो काढावेत, हसावं, हे मला चालायचं नाही.

दुपारची झोप हा बाबांचा एकमेव शौक. दोन आठवडे हा माणूस झोप सोडून कॉम्प्युटरपुढं बसला होता, बायकोची इज्जत राखायला.

मी चार वाजताच्या त्या नोंदी पुन्हा वाचल्या. माय टॅबलेट चालू करायची ती वेळही हीच. मग आत गेले, कपाटावरून टॅबलेट काढला, त्याच्या पोटातल्या सेटिंगा उघडल्या. आणि कपाळावर हात मारून घेतला. टॅबलेट घेतला तेव्हा मी तो लातूरला आमच्या कॉलेजच्या वायफायवर चालवून पाहिला होता. तिथं हजार पोरं जोडलेली असतात, म्हणून काळजीपोटी मीच त्यात एक गोष्ट चालू केली होती. दरवेळी नव्यानं जोडताना टॅबलेटनं खरा पत्ता लपवायचा आणि नवा, बनवलेला पत्ता सांगायचा. माझ्या हातानं चालू केली आणि साफ विसरले. माय शिकणं झालं की टॅबलेट बंद करून ठेवायची, वीज वाया नको म्हणून. दुसऱ्या दिवशी चारला चालू केला की टॅबलेट नवा पत्ता घेऊन दारात उभा. लाल चौकट. टिंग. आणि बाबा तयार.

परका कुणी नव्हताच. ती सूचना खोटीही नव्हती. तिनं फक्त एवढंच विचारलं होतं, की याला तुम्ही ओळखता का? चोर आला असं ती म्हणालीच नव्हती. चोर आम्ही दोघांनी आमच्या मनानं आणला होता.

बाबांना सांगणं सगळ्यात अवघड गेलं. मी दोनदा सुरुवात केली, दोनदा पाणी प्यायले. ते ऐकत गेले. मग त्यांनी चष्मा काढून वहीवर ठेवला.

‘म्हंजे मी तिलाच अडवत होतो?’

मी म्हटलं, बाबा, चूक माझी आहे, तुम्ही कायद्यानं बरोबरच केलं. त्यांनी मान हलवली, पण ती माझं पटलं म्हणून नव्हे. त्यांच्या हातून आयुष्यात एक गाडी नाहक थांबली नव्हती, हे त्यांनी मला पूर्वी शंभरदा अभिमानानं सांगितलेलं. आता ते वहीतल्या लाल नोंदींवरून बोट फिरवत राहिले, एकेक करून. मला बघवेना, मी उठून मायकडं गेले.

मायजवळ पलंगावर बसले आणि तिला सगळं सांगितलं. तू काही सोडलं नव्हतंस, आम्हीच तुझी वाट अडवली होती. तू बाबांना टॅबलेट आणून देत होतीस, ते बंद पडतंय हे दाखवायला, आणि आम्हाला वाटलं तुला नको झालंय. मग म्हणाले, ‘माय, मी फोनवर तुला लई वाईट बोलले. चुकलं माझं.’ मायनं माझ्याकडं पाहिलं. डोळे भरले होते, पण रागही होता, आणि तो असायलाच पाहिजे होता. तिनं डाव्या हाताची एक चापट माझ्या गुडघ्यावर मारली, जोरात, आणि परत भिंतीकडं वळली.

चार वाजत आले. मी टॅबलेट तिच्यापुढं डब्याला टेकवून ठेवला. तिनं तो हातानं लोटून दिला. परत ठेवला, परत लोटला.  बाईंनी ज्याची भीती घातली होती ते हेच असणार, असं वाटलं. दोन आठवडे तिनं धडपड केली, कुणी ऐकलं नाही, वर लेकीनं शिव्या घातल्या. तिचा नाद सुटला होता. आता टॅबलेट दुरुस्त करून काय उपयोग होता? तरी मी तो चालू केला, दुसरं काही सुचेना म्हणून. ती सेटिंग बंद करायची मला त्या गडबडीत आठवणही राहिली नाही.

बाहेर बैठकीत टिंग वाजलं.

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. आता बाबा विश्वास ठेवा दाबतील आणि संपेल, असं मला वाटलं. पण बाबांचा आवाज आला. घरातला नाही. स्टेशनातला, फोनच्या कर्ण्यात बोलायचे तो, खडा आणि संथ.

‘कोण बोलतंय? प्रायव्हेट नंबर द्या.’

मला वाटलं, बाबांच्या डोक्यावर परिणाम झाला. मी ओरडणारच होते की अहो, आता तरी सोडा. पण मायनं भिंतीकडून तोंड वळवलं होतं. तिची मान ताठ झाली होती. ओठ हलत होते, काहीतरी चाचपत होते.  माय उठून बसली, पलंगाची कड घट्ट पकडली, दाराकडं पाहिलं.

‘सत्,’ ती म्हणाली. ‘सत्ता.’ आणि मग, ‘सत्तावीस.’

पूर्ण. अख्खा शब्द.  बाहेरून बाबांचा आवाज आला, तो आता खडा राहिला नव्हता.

‘सत्तावीस.’

बाबा थांबले. पुढचं त्यांना म्हणताच येईना. आणि कायद्यात खंड पडलेला मायला खपत नसे. ती आतून म्हणाली, ‘दोन सात.’

टॅबलेटवर बाईंचा चेहरा उगवला. त्यांना पलंगावर बसलेली माय दिसली असेल, आणि तिच्या शेजारी तोंडात पदर कोंबून रडणारी मी. काय झालं, काय झालं, असं त्या विचारत राहिल्या. मायनं मला कोपरानं ढोसलं, सांग म्हणून.

नंतर बाईंनी समजावून सांगितलं की असं होतं. आपण शोधून शोधून बोलतो ते शब्द एका वाटेनं येतात, आणि जन्मभर घोकलेलं, कानात बसलेलं, पाढे, आरत्या, मोजणी, ते दुसऱ्या वाटेनं येतं. ती वाट मायची शाबूत होती. आपणच आधी विचारायला पाहिजे होतं, की या बाईच्या कानावर जन्मभर काय पडलं, असं त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांनी गाय आणि कंगवा बाजूला ठेवले आणि आकड्यांपासून सुरुवात केली. दोन. दोन तांबे. दोन तांबे पाणी. असं करत करत.

संध्याकाळी बाबांनी मला विचारलं, ते पत्ता बदलायचं तू बंद करणार ना. एका बोटाचं काम होतं. मी टॅबलेट हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला. म्हटलं, राहू द्या बाबा. रोज वाजू द्या ते टिंग. बाबांनी माझ्याकडं पाहिलं, समजले, आणि कपाटात निळ्या शाईचा पेन शोधायला लागले.

त्यानंतर मी जेव्हा जेव्हा नांदेडला गेले, तेव्हा पिशवी ठेवायच्या आधी वही पाहिली. लाल नोंदी संपतात तिथून निळ्या सुरू होतात. वेळ, तो लांबलचक पत्ता, आणि त्यापुढं मायनं दिलेला नंबर. त्रेसष्ट, सहा तीन. अठरा, एक आठ. एके दिवशी नुसतं ‘ऐं’ असं लिहिलंय, त्या दिवशी तिला पुढचं आलं नसणार. पण शेवटच्या रकान्यात त्याही दिवशी तेच लिहिलेलं आहे, ‘ओळख पटली. सोडले.’

गेल्या महिन्यात न सांगता गेले. सकाळची एसटी, स्टँडवरून ऑटो, दहाच्या सुमाराला दारात. बाबांची चप्पल बाहेर नव्हती, म्हणजे ते बाजारात गेलेले. मी बेल वाजवली. आत काठीचा आवाज आला, टक, टक, सावकाश दारापर्यंत. कडी निघेल म्हणून मी पिशवी उचलली. कडी निघाली नाही.

‘नंबर?’

दाराच्या पलीकडून. बाबांनी कधी फोनवर हे सांगितलं नव्हतं. मला वाटतं, माझ्यासाठीच राखून ठेवलं होतं.  कितीएक वर्षांनी मी दारात उभी होते आणि आत माझी माय होती, आणि ती विचारत होती. डोक्यात होता तोच पहिला नंबर मी सांगून टाकला.

‘सत्तावीस. दोन सात.’

 मी वाट पाहिली. ती अडली असेल, शब्द सापडत नसेल, आपण उगाच तिला अडचणीत टाकलं असं वाटून मी हाक मारणार, तेवढ्यात तिचा आवाज आला. अडखळत, थांबत, पण एकेक शब्द जागच्या जागी.

‘झाला. तो. दुसरा.’

मी दाराला कपाळ टेकलं आणि रडता रडता नवा नंबर शोधायला लागले. पलीकडं माय हसत होती.